थ्री नॉट थ्री: एक काडतूस, तीन बंदुका

पोलीस ठाण्याच्या दारात, कोषागाराच्या पहाऱ्यावर, मतपेट्यांच्या गाडीत जी लांबलचक लाकडी रायफल आपण वर्षानुवर्षं पाहिली, ती ही थ्री नॉट थ्री. नळीच्या आतल्या भोकाचं माप ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. नाव ली-एनफिल्ड.

यातला बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि मॅगझिन (गोळ्यांचा डबा) जेम्स पॅरिस लीचं. हा गडी जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात आणि बंदुका घडवल्या अमेरिकेत. एनफिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. आधीच्या ली-मेटफर्ड रायफलच्या नळीत उथळ, गोलसर आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, होते. नवी बिनधुराची दारू इतकी तापायची की ते आटे लवकर झिजून जात. एनफिल्डने पाच खोल, चौकोनी कडांचे आटे पाडले. ते टिकले आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड ब्रिटिश सैन्यात आली.

आता बोल्ट जवळून पाहा. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत शिरतं, आणि मूठ खाली दाबली की बोल्ट बंद. जर्मन माउझर रायफलची मूठ ९० अंश उचलावी लागते, इथे ६० अंशांत काम होतं. माउझरच्या बोल्टला पकडून ठेवणारे खटके पुढच्या टोकाला असतात, लीच्या बोल्टला मागच्या बाजूला. त्यामुळे हात कमी अंतर सरकतो. शिवाय आतली स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, म्हणून उघडताना तो सहज सुटतो. मजबुतीत माउझर सरस, हे मान्य करायला हवं. पण वेगात नाही. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, माउझरच्या दुप्पट. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला १५ गोळ्या नेम धरून मारायला शिकवत, आणि तरबेज नेमबाज त्याहून कितीतरी पुढे जात.

या बंदुकीचं सगळं गणित मात्र काडतुसाच्या बुडाशी आहे. पितळी पुंगळीच्या तळाला बाहेर आलेली एक कड असते. हीच कड काडतुसाला नळीच्या तोंडाशी अडवून धरते. आणि हीच घात करते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही अडकतात. ऐन लढाईत असं झालं तर बंदूक म्हणजे नुसती काठी. म्हणून काडतुसं कशी रचायची, याचे धडे रंगरुटाला गिरवावे लागत.

याच काडतुसावर दोन मशीनगनही चालल्या. व्हिकर्स १९१२ ची. नळीभोवती सुमारे चार लिटर पाण्याचं वेष्टण आणि २५० गोळ्यांचा कापडी पट्टा. दुसरी ब्रेन, मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो शहरातली, पुढे एनफिल्डने आपल्या काडतुसासाठी बदललेली. तिचं मॅगझिन वरून बसतं आणि ते बाकदार आहे. का? तर त्या कडेमुळेच. कडेची काडतुसं एकावर एक रचली की तळाची बाजू जाड होते आणि रांग आपोआप वळते. मॅगझिन वर आल्यामुळे समोरचं दिसेना, म्हणून नेम धरायची माशी डावीकडे सरकवली. पण फायदा मोठा होता: रायफलवाल्याच्या पट्ट्यातली गोळी ब्रेनवाल्याला चालायची.

ही काडतुसं आपल्या पुण्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनली. कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर केएफ (किर्की फॅक्टरी) अशी अक्षरं दिसली, की ती खडकीची. रायफली बनत बंगालमधल्या ईशापूरला.

मग १९६२ आलं. चिनी सैनिकांकडे स्वयंचलित शस्त्रं, आणि हिमालयात आपले बहुतेक जवान हीच रायफल घेऊन उभे. युद्धानंतर सैन्याने सेल्फ लोडिंग रायफलकडे, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलकडे, मोर्चा वळवला. ईशापूरने त्याच जुन्या घडणीची ७.६२ मिलिमीटरची, बिनकडेच्या काडतुसाची रायफलही काढली. सैन्यातून उतरलेली थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आली आणि तिथेच राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके रायफली घेऊन शिरले. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात, असं ते शस्त्र. समोरच्या पोलिसांपैकी कुणाकडे लाठी, कुणाकडे थ्री नॉट थ्री. दर गोळीनंतर बोल्ट मागे, बोल्ट पुढे. तरीही काहींनी उलट गोळीबार केला. स्थानकावर पन्नासहून अधिक जीव गेले. दोष त्या रायफलीचा नव्हता. आपल्या काळात तिने कसूर केली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीचं हत्यार देऊन माणसांना पहाऱ्यावर उभं करणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता, आणि त्याची किंमत शिपायांनी आणि प्रवाशांनी मोजली.

एवढं होऊनही थ्री नॉट थ्री लगेच गेली नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.