मागे उभा असलेला ट्रक

१९५०च्या आसपासचे ब्रिटनमधल्या फिरत्या जत्रांचे फोटो काढून बसा. पुढे लाकडी घोड्यांचा पाळणा, त्याभोवती पोराटोरांची झुंबड. फोटो काढणाऱ्याचं लक्ष तिथंच. आपण मात्र मागे बघायचं. पाळण्याला वीज पुरवायला तिथं बऱ्याचदा एक उंच, आडदांड ट्रक उभा असतो. दारावर जत्रावाल्याचं नाव झोकात रंगवलेलं. पण चण कुठं लपते? हा एईसी मॅटाडोर. महायुद्धात हाच ब्रिटिश सैन्याच्या तोफा ओढत होता.

तो इथं आला कसा? १९४५मध्ये युद्ध संपलं आणि सैन्याकडे गाड्यांचे ढीग उरले. दुसरीकडे कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्या सरकारला निर्यातीसाठी हव्या होत्या, परकीय चलन कमवायचं होतं. घरचं गिऱ्हाईक थांबलं रांगेत. मग नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टनसारख्या डेपोंत सैन्याच्या गाड्यांचे लिलाव झाले. लाकूडवाले, गॅरेजवाले, जत्रावाले, सगळ्यांनी गाड्या उचलल्या. मॅटाडोरवर लाकूडवाल्यांचा खास जीव, कारण चारही चाकांना जोर आणि खाली विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र. चिखलातून ओंडका ओढायला आणखी काय लागतं! बस कंपन्यांनी त्याच्यावर क्रेन बसवली आणि बंद पडलेल्या बसगाड्या ओढायला ठेवला.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. फोटो कृष्णधवल, आणि नव्या मालकानं पहिलं काम केलेलं असतं ते रंग बदलण्याचं.

चाकं बघा. त्या काळच्या साध्या मालट्रकला मागे बहुधा जोडचाकं असत. मॅटाडोर किंवा सैन्याचाच दुसरा ट्रक बेडफर्ड क्यूएल, यांना मागेही एकेकच चाक, पण दांडगं, जाड नक्षीच्या टायरचं. मग केबिनचं छप्पर. त्यात गोल झाकण दिसलं तर शंका संपली: विमानांवर नजर ठेवायला सैनिक त्यातून डोकं बाहेर काढायचा. आणि ट्रक पाठमोरा असेल तर मागच्या आसाच्या मधला फुगीर गोळा, म्हणजे डिफरन्शियल, नीट न्याहाळा. ब्लॅकआउटच्या रात्री ताफ्यातल्या मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसावी म्हणून तो पांढरा रंगवत आणि त्यावर बारीकसा दिवा सोडत. तो पांढरा ठिपका पुसायचं कित्येकांच्या ध्यानातच आलं नसणार.

सगळ्यांत सोपी ओळख कॅनडाच्या ट्रकची. फोर्ड आणि शेवरले, दोघांनी एकाच सैनिकी नमुन्यावर बांधलेले. नाक आखूड, चेहरा बुलडॉगसारखा. नंतरच्या गाड्यांची पुढची काच उलटी कललेली: वरची कड पुढे, खालची मागे. उन्हाची तिरीप काचेवरून वर उडून विमानाला दिसू नये, म्हणून. शिवाय बनले कॅनडात, जिथं स्टिअरिंग डावीकडे असतं, तरी यांचं उजवीकडे, कारण ते ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी होते. बर्मातल्या मोहिमेनंतर तिथं राहिलेल्या अशा गाड्यांवर लाकडी सांगाडे चढले, त्यांच्या बस झाल्या, आणि त्या अनेक दशकं धावल्या. त्यांचे तर रंगीत फोटोही मिळतात.

आता एक सापळा. नंबरप्लेटवरून फोटोचं किंवा गाडीचं वय सांगायला बरेच हौशी धावतात. सैन्यात असताना या गाड्यांना सैन्याचा वेगळा क्रमांक होता. नागरी नंबर मिळाला तो विक्रीनंतर. म्हणजे १९४१चा ट्रक १९४७ची पाटी लावून ऐटीत उभा! पाटीवरून इतकंच कळतं की फोटो त्याच्या आधीचा नाही. किती नंतरचा, ते शोधायचं तर ट्रक सोडून शेजारच्या मोटारी, दुकानांच्या पाट्या आणि बायकांच्या स्कर्टची लांबी बघावी लागते.