पश्चिमेची भिंत

(दृश्य: मुलुंड. चार मजली इमारत, मे महिना. भिंतीवर ऊन.)

दुपारचे चार. ऊन आता तिरपं होऊन थेट भिंतीवर पडतंय. खिडकीवरचा छज्जा दुपारी बाराच्या उन्हाला अडवतो, याला नाही.

(दृश्य: वरच्या मजल्यावरची खोली, रात्र. भिंतीवर रोखलेलं तापमापक.)

पडद्यावर दिसतोय तो आकडा आतल्या भिंतीचा आहे, हवेचा नाही. दुपारभर शोषलेली उष्णता काँक्रीट काही तासांनी खोलीत सोडतं. सूर्य कधीच मावळलाय, भिंत अजून तापलेलीच.

(दृश्य: भिंतीपासून ओढून घेतलेला पलंग. पंखा. निवेदन नाही.)

(दृश्य: टेबलावर तीन तुकडे. बाजूला पाण्याची बादली.)

भिंतीवर लावून उष्णता अडवायची तर हे तीन पर्याय: थर्मोकोल, एक्सपीएस म्हणजे त्याच जातीचा घट्ट फोम, आणि रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर. दुकानात गेलात की पहिला प्रश्न असतो, जास्त थंड काय ठेवेल? खरं तर तिघांत फारसा फरक नाही. उष्णतावहनाचा आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी जाते. तिघांचा साधारण ०.०३ ते ०.०४, काँक्रीटचा दीडच्या आसपास. म्हणजे मुंबईत निवड उन्हावरून करायचीच नाही, पावसावरून करायची.

हा रॉकवूल, पाण्यात दाबून धरलेला. बाहेर काढला की बघा किती गळतोय. भिजल्यावर तो उष्णता अडवेनासा होतो. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, त्यात पाणी जवळजवळ शिरत नाही.

बरेच जण हा थर आतून लावून वर जिप्सम बोर्ड मारून मोकळे होतात. दहा बाय दहाच्या खोलीत तीन इंच जातात ते जातातच, शिवाय पावसाळ्यात बाहेरून भिजलेली भिंत बोर्डाआड वाळतच नाही. थंड देशांत बाष्प अडवणारा पडदा आतल्या बाजूला लावतात, कारण तिथे ओलावा घरातून बाहेर जातो. आपल्याकडे एसी चालू असताना तो बाहेरून आत येतो. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलली तर भिंतीत बुरशी ठरलेली.

(दृश्य: परांची. मिस्त्री हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवतायत.)

त्यामुळे काम बाहेरून, आणि दिवाळीनंतर, भिंत पूर्ण कोरडी झाल्यावर. मिस्त्री आधी भिंत वाजवून बघतात. जिथे पोकळ आवाज येतो, तिथला गिलावा काढायचा. भेगा भरायच्या. मग एक्सपीएसचे पत्रे, सांधे विटांसारखे एकाआड एक. पत्र्याची पाठ गुळगुळीत असते, सिमेंटचा मसाला धरत नाही. म्हणून चिकटवण्याआधी ती करवतीच्या पात्याने खरवडतात. हे बघा, पांढरा भुगा सगळीकडे उडतोय. वरून प्लास्टिकचे खिळे, त्यावर मसाल्याचा थर, आणि थर ओला असतानाच काचतंतूंची जाळी दाबून बसवायची. जाळीची एक पट्टी दुसरीवर किमान चार इंच चढली पाहिजे. नाहीतर सांध्यावर भेग येते, आणि भेगेतून पाऊस.

खरी परीक्षा एसीच्या ब्रॅकेटपाशी आणि सांडपाण्याच्या पाइपांमागे. हात जात नाही तिथेच पाणी जातं. मिस्त्री एकेक ब्रॅकेट सोडवून, मागे पत्रा सरकवून, पुन्हा कसतात. एका खिडकीला अख्खी सकाळ गेली.

(दृश्य: मजल्याच्या रेषेवर रॉकवूलचा पट्टा.)

इथे मात्र रॉकवूलच. एक्सपीएस पेटतो, हा पेटत नाही. जळणारं आवरण किती भयानक ठरू शकतं, ते २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला दिसलं. ७२ माणसं गेली. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि खिडक्यांभोवती हा पट्टा. शिवाय पत्र्याचं ज्वलनाचं प्रमाणपत्र दुकानात मागून घ्यायचं. देत नसतील तर दुकान बदला.

नव्या इमारतींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला तिने प्रति चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा घातली. जुन्या सोसायट्यांना त्यांचं त्यांनाच बघायचंय.

(दृश्य: रंगवलेली भिंत. परांची उतरतेय.)

बाहेरची भिंत सोसायटीची, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागला. खर्चात तळमजल्याने वाटा द्यायचा की नाही, यावर बोलणी चालू आहेत. वरच्या मजल्यावर एसी आता उशिरा लागतो.