बोटांनी पाहायची काच

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरून फुलदाणी दाखवता येत नाही, हे मान्य. पण आज जिच्याबद्दल बोलणार आहे ती डोळ्यांइतकीच बोटांनीही ओळखायची असते, तेव्हा जमून जाईल.

ही आहे इंग्लंडमधली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कॅमिओ काच. आत गडद निळी किंवा तांबडी काच, वर पांढऱ्या काचेचा थर. दोन्ही भट्टीतच एकजीव केलेले. मग नको तिथलं पांढरं काढून टाकायचं, उरेल त्यातून फुलं, पानं, माणसं. यातली खरी मेख निवण्यात आहे. दोन्ही काचा सारख्याच आकसल्या नाहीत, तर कितीही मेहनतीनं कोरलेलं काम एका क्षणात तडकतं.

जॉन नॉर्थवूडनं हे अनुभवलंय. स्टूरब्रिज परिसरातल्या या कारागिरानं ब्रिटिश म्युझियममधल्या प्राचीन रोमन पोर्टलंड फुलदाणीची प्रतिकृती करायला घेतली. मूळ फुलदाणीही दुर्दैवीच. १८४५ साली एका माणसानं ती म्युझियममध्येच फोडली होती, नंतर तुकडे जुळवून उभी केली. प्रतिकृतीसाठी निळ्यावर पांढरी काच फिलिप पार्जेटर या काच-कारखानदारानं करून दिली. नॉर्थवूड तीन वर्षं कोरत होता. आणि काम चालू असतानाच भांड्याला तडा गेला! दुसरा कुणी हात टेकून बसला असता. यानं १८७६ साली ते पुरं केलं.

त्यानंतर मागणी वाढली. थॉमस वेब अँड सन्स या काच-कंपनीकडे जॉर्ज आणि थॉमस वूडॉल हे भाऊ कामाला होते. नको असलेल्या पांढऱ्याचा मोठा भाग काच खाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लानं काढायचा, जो राखायचा त्यावर आधी रोगणाचा लेप. शेवटचं बारीक काम चाकावर आणि हाताच्या हत्यारांनी. जॉर्ज वूडॉलच्या कामातलं झुळझुळीत वस्त्र पाहा: पांढरा थर इतका पातळ केलेला, की खालचा रंग त्यातून सावलीसारखा झिरपतो. माझ्या मते ती सावली हीच या काचेची किंमत.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. बाजारात पांढऱ्या इनॅमलनं वरून नुसती रंगवलेली काचही ‘कॅमिओ’ म्हणून येते. चित्राच्या कडेवरून नख फिरवा. कोरलेल्या काचेत काठ कापल्यासारखा लागतो, कुठे जाड कुठे पातळ. रंगवलेलीत लेप चढवल्यासारखा वाटतो. भांडं उजेडासमोर धरा, सावली आहे का बघा. सही शोधायची घाई मात्र करू नका, कितीतरी उत्तम वस्तूंवर ती नसतेच.

आणि तोंडाचा काठ नीट न्याहाळा. वरची नक्षी तिथे मध्येच तुटल्यासारखी दिसली, तर टवका उडालेला भाग कुणीतरी घासून सपाट केला असेल. विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही.