दाराच्या चौकटीतली माणसं

(दृश्य : नौपाड्यातली जुनी चाळ. लाकडी जिना, लांब गॅलरी, ओळीनं दारं.)

नौपाडा, चरई, खारकर आळी. ठाण्याच्या या भागांतल्या जुन्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. उरलेल्यांपैकी एका चाळीच्या गॅलरीत आपण उभे आहोत, आणि बोलणार आहोत हाँगकाँगच्या एका चित्रपटाविषयी. ज्यानं अशा गॅलरीत दिवस काढले आहेत, त्याला त्या चित्रपटातलं घर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वाँग कार-वाय या दिग्दर्शकाचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ २००० साली आला. गोष्ट सुरू होते १९६२ मध्ये, शांघाय सोडून हाँगकाँगला आलेल्या लोकांच्या वस्तीत. वाँग स्वतः शांघायमध्ये जन्मला आणि पाच वर्षांचा असताना हाँगकाँगला आला. त्यामुळे या घरांचा वास त्याच्या लहानपणातला आहे. फ्लॅटमधल्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. बोळ एवढे अरुंद, की समोरून कुणी आलं तर अंग चोरून वाट द्यायची. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच दिवशी दोन जोडपी बिऱ्हाड घेऊन येतात. हमालांच्या हातून सामानाची अदलाबदल होते. यांचं कपाट त्यांच्याकडे, त्यांची पुस्तकं यांच्याकडे. पुढं काय घडणार, ते तिथंच सुचवून ठेवलेलं आहे.

चाऊ वर्तमानपत्रात काम करतो. सू एका शिपिंग कंपनीत सेक्रेटरी आहे. चाऊची बायको आणि सूचा नवरा यांचं एकमेकांशी जुळलं आहे, हे या दोघांना कळतं ते वस्तूंवरून. सूच्या हातातली पर्स आहे तशीच चाऊच्या बायकोकडे आहे. चाऊचा टाय आहे तसाच सूच्या नवऱ्याकडे आहे. हॉटेलात समोरासमोर बसून दोघं फक्त पर्स कुठून आणली, टाय कुणी आणला एवढंच बोलतात. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत.

ज्या दोघांनी हे सगळं घडवलं, त्यांचे चेहरे आपल्याला अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाहीत. पाठ दिसते, आवाज ऐकू येतो. सूचा नवरा जपानला गेलेला असतो आणि तिथून बायकोच्या वाढदिवसाला रेडिओवर एका जुन्या गाण्याची फर्माईश पाठवतो. आपल्याकडे ‘आपली आवड’मध्ये नावं वाचायचे, तसं निवेदक त्याचं नाव वाचतो. गाणं लागतं. भिंतीच्या एका बाजूला सू बसलेली, दुसऱ्या बाजूला चाऊ. हा नवरा वाईट आहे का? त्याला अपराधी वाटतंय का? की बायकोवर त्याचं अजून प्रेम आहे? ते कळेल असा एकही धागा दिग्दर्शक आपल्या हाती देत नाही. चेहरा दाखवला असता, तर आपण त्याच्यावर लगेच शिक्का मारून मोकळे झालो असतो.

(दृश्य : गॅलरीतलं अर्धवट उघडं दार. आतला आरसा, खिडकीचे गज.)

आता कॅमेरा कुठं उभा आहे, ते पाहा. तो खोलीत नीट शिरतच नाही. दाराच्या चौकटीआडून, पडद्यामागून, गजांमधून, आरशातून पाहतो. एखाद्या शेजाऱ्यानं येताजाता पाहावं तसं. ख्रिस्तोफर डॉइल आणि मार्क ली पिंग-बिंग या दोघांचं हे छायाचित्रण. तोच जिना, तोच दिवा, तीच गल्ली पुन्हा पुन्हा येते. मधे किती दिवस गेले, ते सूच्या कपड्यांवरून ओळखायचं. उंच कॉलरचे, अंगाबरोबर बेतलेले वीसहून जास्त चाँगसाम, म्हणजे चिनी झगे, ती चित्रपटभर बदलते. ती नूडल्स आणायला जिना उतरते तेव्हा चाल मंदावते आणि शिगेरू उमेबायाशीची व्हायोलिनची धून सुरू होते. मुळात ही धून १९९१ च्या एका जपानी चित्रपटासाठी बांधलेली. ही सगळी सजावट नुसती देखणी आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एवढ्या रंगांत, एवढ्या जवळून पाहूनही सूच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, आणि ते न कळणंच हा कॅमेरा जपतो आहे.

शेजाऱ्यांनाही सगळं दिसतं. नूडल्स आणायला जाताना एवढं नटायचं कशाला, असं कुणीतरी म्हणतंच. एका रात्री घरमालक मंडळी अचानक लवकर परततात आणि माहजाँग या चिनी खेळाचा डाव मांडतात. चाऊच्या खोलीत असलेल्या सूला बाहेर पडता येत नाही. रात्र जाते, सकाळ होते, डाव काही मोडत नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला ही कोंडी अंगावर आल्यासारखी कळते. कुणाकडे कसली फोडणी पडली, कुणाचा मुलगा किती वाजता घरी आला, हे सगळं भिंतीपलीकडे पोचतं. आणि भिंतीपलीकडचं माणूस वर्षानुवर्षं काय सोसत होतं, याचा मात्र पत्ता नसतो. आता घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पाहुण्याची नोंद गेटवर होते, लिफ्टमध्ये कॅमेरा असतो. माहिती वाढली. माणूस तेवढाच लांब राहिला.

(दृश्य : संध्याकाळ. मासुंदा तलाव, काठावर गडकरी रंगायतन.)

चित्रपटातलं सगळ्यात धाडसाचं काम आहे तालमींचं. चाऊ आणि सूला एकच प्रश्न छळतो : त्या दोघांचं सुरू कसं झालं असेल? पहिलं पाऊल कुणी टाकलं? विचारायचं कुणाला? म्हणून ती दोघं ते प्रसंग करून पाहतात. तो तिचा नवरा होतो, ती त्याची बायको. रात्रीच्या रस्त्यावर तो तिच्याशी लगट करून पाहतो. ती थांबते. माझा नवरा असं बोलणार नाही, म्हणते. पुन्हा पहिल्यापासून. आता सुरुवात तिनं करायची असते, पण तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडत नाही. हॉटेलात तो तिच्या ताटलीत मोहरीची झणझणीत चटणी वाढतो. तिला सोसत नाही, तरी ती खाते, कारण त्याच्या बायकोला तिखट आवडतं.

गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं. या शहरात एकांकिका केलेली, निदान कुणाच्या तालमीला जाऊन बसलेली माणसं गल्लोगल्ली भेटतील. त्यांना हे ठाऊक आहे : नट लेखकाच्या ओळींतून माणूस शोधत जातो, आणि ओळ संपते तिथं स्वतःजवळचं काहीतरी घालतो. चाऊ आणि सूकडे तर संहिताच नाही. सगळं स्वतःजवळचंच घालायचं आहे.

म्हणून तो एक प्रसंग फार लागतो. जेवणाच्या टेबलावर पाठमोरा पुरुष. सू त्याला विचारते, तुमचं बाहेर कुणी आहे का? आपल्याला वाटतं, नवरा जपानहून परत आला. मग कळतं, तो चाऊ आहे आणि ही तालीम आहे. तो ‘हो’ म्हणतो. ती हात उगारते, पण मार लागत नाही. तो म्हणतो, जरा जोरात मार. दुसऱ्यांदा तो कबूल करतो तेव्हा ती कोसळते. इतकं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. या प्रसंगातून नवऱ्याविषयी तिला काहीही नवीन कळलेलं नाही. कळलं ते स्वतःच्या जखमेविषयी.

पुढं चाऊ सिंगापूरला जायचं ठरवतो, तेव्हा ते एकमेकांना निरोप देण्याचीही तालीम करतात, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडते. आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना समजून घेण्याच्या नादात त्यांच्याच वाटेवर आले. आणि तिथंही एकमेकांच्या मनाचा थांग लागला नाही. आणखी एक तिकीट मिळालं तर येशील का, असं तो विचारतो. तोच प्रश्न नंतर तिच्याही आवाजात ऐकू येतो. ही दोन वाक्यं समोरासमोर येत नाहीत.

चित्रीकरण पंधरा महिने चाललं. जुनं हाँगकाँग उरलं नव्हतं, म्हणून बराच भाग बँकॉकमध्ये झाला. दोघं शरीरानं जवळ येतात असा प्रसंगही चित्रित केला होता; वाँगनं तो काढून टाकला. १९६६ मध्ये सू त्याच जुन्या घरात परत राहायला आलेली असते, सोबत लहान मुलगा. मुलगा कुणाचा? चित्रपट सांगत नाही. पाहून उठलेले लोक त्याचं वय मोजतात, वर्षांचा हिशोब घालतात. मला तो हिशोब नकोसा वाटतो. जे सूनं चाऊला सांगितलं नाही, ते आपल्याला सांगायला ती बांधलेली नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा मुलाचं वय सोडून द्या आणि तालमींकडे लक्ष द्या. चाऊचं काम करणाऱ्या टोनी लेउंगला त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सू झालेल्या मॅगी चेउंगचं काम त्याच्या तोडीस तोड आहे. प्रत्येक तालमीत स्वतःला विचारा : या क्षणी बोलतंय ते कोण? तिचा नवरा, की चाऊ? मला अजूनही दर वेळी वेगळं उत्तर मिळतं.