एक्स-रे नॉर्मल, घोटा मात्र सुजलेला: मुलांमध्ये सोनोग्राफी कशी करायची

मूल लंगडत येतं, बाहेरचा घोटा टम्म सुजलेला असतो, हात लावू देत नाही आणि एक्स-रेत काहीच दिसत नाही. आपल्याला शिकवलं गेलं ते असं: मुलांचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा तंतूंचा पट्टा) वाढपट्टीपेक्षा (हाडाच्या टोकाजवळची, हाड जिथून वाढतं ती कूर्चेची पट्टी) मजबूत, म्हणून आधी पट्टीच सरकते, तेव्हा हे सॉल्टर-हॅरिस टाइप वन, म्हणजे फक्त वाढपट्टीतून गेलेलं फ्रॅक्चर, धरा आणि प्लास्टर घाला. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका गटाने अशाच १३५ मुलांचे एमआरआय प्रसिद्ध केले. वाढपट्टीचं फ्रॅक्चर निघालं फक्त ४ जणांत. १०८ जणांच्या लिगामेंटला इजा होती, आणि त्यातल्या ३८ जणांत लिगामेंटने फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) टोकाचा कपचा उपटला होता. हा कपचा एक्स-रेत निसटतो. सोनोग्राफीत तो सापडू शकतो, फक्त तो शोधायला हवा.

लिनियर, म्हणजे सपाट तोंडाचा प्रोब घ्या, १२ ते १८ मेगाहर्ट्झचा. हॉकीस्टिकसारखा वाकडा छोटा प्रोब असेल तर उत्तम, कारण लहान घोट्यावर मोठ्या प्रोबची कड अधांतरी राहते. डेप्थ २ सेंटीमीटरच्या आसपास पुरते. जेल कोमट आणि भरपूर. प्रोब दाबायचा नाही. दाबलं की मूल पाय ओढून घेतं हे तर झालंच, पण साचलेल्या रक्ताचा पातळ थरही बाजूला सरकतो आणि डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) दिसणारा प्रवाह पुसला जातो. मग आपणच ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतो. सुरुवात नेहमी चांगल्या पायापासून करा. मुलाची भीती जाते आणि तुलनेचं चित्र हातात राहतं.

मग दुखरा पाय. ‘एका बोटाने दाखव’ म्हणायचं आणि तिथेच प्रोब फिब्युलाच्या लांबीत ठेवायचा. हाडाची पांढरी रेषा वाढपट्टीपाशी तुटते. ही फट नॉर्मल असते, आणि नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. फट दिसली म्हणून फ्रॅक्चर नव्हे. दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) हाडापासून उचललंय का, त्याच्याखाली रक्ताचा काळा थर साचलाय का, फट दुसऱ्या पायापेक्षा रुंद आहे का, हे पाहा. पुढून, बाजूने आणि मागून, तिन्हीकडून प्रोब फिरवा. कडा वर-खाली झाल्याची पायरी बऱ्याचदा एकाच बाजूने दिसते.

तिथून खाली टोकाशी या. ताज्या कपच्याची कड खडबडीत असते, तिच्याभोवती काळं रक्त असतं आणि प्रोब तिथे आला की मूल कळवळतं. जन्मजात सुटं हाडक गोलसर असतं, त्याला सगळीकडून स्वतःची गुळगुळीत पांढरी कड असते. ते दुसऱ्या पायातही सापडलं तर शंका जवळजवळ मिटते. दुसऱ्या पायात नसलं म्हणून मात्र कपचाच आहे असं ठरत नाही.

घोट्याच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे फिब्युलाकडून टॅलसकडे (घोट्याच्या सांध्यातलं पावलाचं हाड) जाणारं, पाहताना पाऊल खाली आणि किंचित आत झुकवा, म्हणजे ते ताणलं जातं. प्रोबचं एक टोक फिब्युलाच्या पुढच्या कडेवर टेकवून ठेवा आणि दुसरं तळव्याला समांतर फिरवत टॅलसवर आणा. नॉर्मल लिगामेंट घट्ट, तंतुमय आणि उजळ दिसतं. प्रोब तिरका पडला की तेच काळं दिसतं. म्हणून काळं दिसलं की प्रोब जरा हलवून पाहा. तरीही ते काळं आणि जाड राहिलं तर इजा खरी. मध्ये फट पडून पाणी भरलं असेल तर पूर्ण तुटलंय. कॅल्केनियसकडे (टाचेचं हाड) जाणाऱ्या लिगामेंटसाठी पाऊल वर ओढायचं आणि प्रोबचं दुसरं टोक टॅलसऐवजी खाली कॅल्केनियसकडे वळवायचं, बाकी रीत तीच.

१२ ते १५ वर्षांच्या मुलांत दुखणं फिब्युलाच्या टोकावर नसून जरा पुढे-वर, नडगीच्या खालच्या टोकाशी असेल तर सावध व्हा. टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, वाढपट्टीचा बाहेरचा भाग सगळ्यात शेवटी जुळतो, आणि तिथला तुकडा लिगामेंटने ओढला की जे फ्रॅक्चर होतं त्याला टिलॉ फ्रॅक्चर म्हणतात. सोनोग्राफीत पायरी दिसू शकते, पण सांध्याच्या पृष्ठभागावर तुकडा किती सरकलाय हे ती सांगू शकत नाही. तिथे सीटी लागतं, कारण २ मिलिमीटरहून जास्त सरकला असेल तर सहसा ऑपरेशनचा विचार करावा लागतो. टॅलसच्या घुमटावरची इजाही बरीचशी हाडाआड लपते. त्यामुळे एक्स-रे रद्द करायला सोनोग्राफी वापरू नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे आधी.

आपल्याकडची एक अडचण वेगळीच. मशीन मुलाच्या घोट्यासाठी वापरा की गरोदर बाईसाठी, त्याची नोंदणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली लागतेच. त्यामुळे पोर्टेबल मशीन पिशवीत घालून शाळेच्या मैदानावर नेता येत नाही. तेव्हा मुलाला मशीनपाशी आणायचं, मशीन मुलापाशी न्यायचं नाही.

रिपोर्टमध्ये ‘स्प्रेन’ एवढंच लिहू नका. कोणतं लिगामेंट, अर्धवट की पूर्ण, टोकाला कपचा आहे का, वाढपट्टीची तुलना कशी होती, हे लिहा. लिगामेंटची इजा, छोटा कपचा किंवा न सरकलेली फिब्युलाची वाढपट्टी, या तिन्हींना बहुतेकदा काढता-घालता येणारा ब्रेस पुरतो, प्लास्टर लागत नाही. दहा-बारा दिवसांनी दुखणं कमी न होता तसंच राहिलं तर तीच जागा पुन्हा पाहा. पेरिऑस्टियमखाली नवं हाड धरू लागलं असेल तर तिथे फ्रॅक्चर होतं. काहीच दिसत नसेल आणि मूल अजून पाय टेकत नसेल तर पुढची तपासणी एमआरआय.