आंबट पाणी घशाशी येतं तेव्हा

नमस्कार मंडळी. जळजळीची तक्रार घेऊन आलेला माणूस समोर बसला की आधी, काय काय सोडलं ते सांगतो. तिखट बंद, टोमॅटो बंद, लिंबू बंद, चहा अर्ध्यावर. मी विचारतो, रात्री जेवता किती वाजता? ‘साडेदहा.’ आणि आडवे कधी होता? ‘अकराला.’ आता एवढं पथ्य पाळून त्रास का थांबत नाही, हे निराळं सांगायला नको!

जठरात आम्ल असणं हा काही आजार नाही, ते तिथे हवंच. प्रथिनं पचवायला आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारायला ते लागतं. जठराच्या आतून श्लेष्माचा जाडसर थर असतो, म्हणून जठराला ते सोसतं. अन्ननलिकेला असं संरक्षण नाही. या दोघांच्या सांध्यावर स्नायूंचं एक कडं आहे. घास आला की ते उघडतं, एरवी आवळलेलं राहतं. बहुतेक रुग्णांत आम्ल जास्त होत नसतं. हे कडं नको तेव्हा सैल पडतं आणि आम्ल वर येतं. आणि ते सैल पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ताणलेलं जठर. ढेकर येते तीही याच वाटेनं. म्हणजे तुडुंब जेवलात की पदार्थ कितीही सौम्य असो, कड्यावर ताण येणारच. म्हणून मी पदार्थांच्या आधी घासांचा हिशेब विचारतो. दोन वेळा भरपेट जेवण्यापेक्षा तेवढंच अन्न तीन-चार वेळांत विभागा.

आता पदार्थांकडे येऊ. तेलकट-तुपकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. चॉकलेट, मद्य आणि पुदिना यांनी कडं सैल पडू शकतं. जेवणानंतर पाचक म्हणून पुदिन्याची गोळी चघळणाऱ्यांनी इकडे जरा कान द्यावा. कॉफी, कांदा, आंबट फळं एकाला बाधतात, दुसऱ्याला मुळीच नाही. तेव्हा दुसऱ्याची यादी उचलू नका. पंधरा दिवस वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी झाली. मग जे खरोखर नडतं तेवढंच सोडा. उगाच सगळं सोडलेला माणूस महिन्याभरात कंटाळतो आणि सगळंच पुन्हा सुरू करतो. थंड दुधाबद्दल हमखास विचारतात. घटकाभर बरं वाटतं, खरं आहे. पण दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात. झोपताना पेलाभर दूध म्हणजे झोपताना जठर भरणं, एवढं लक्षात ठेवा.

खरा घात होतो रात्री. दिवसा आपण उभे किंवा बसलेले असतो, वर आलेलं आम्ल खाली ओघळतं. शिवाय आपण सारखी लाळ गिळत असतो आणि तिच्यात आम्ल मारणारे क्षार असल्यामुळे अन्ननलिका धुतली जाते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही कमी होतं. वर आलेलं आम्ल मग तिथेच बसून राहतं. म्हणून शेवटचा घास आणि अंथरूण यांत किमान तीन तास हवेत.

रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. उशांवर उशा रचू नका. त्यांनी मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास उलट वाढतो. कूस डावी ठेवा. जठराचा फुगीर भाग डाव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर आम्ल तिथे साठतं आणि सांधा त्याच्या वर राहतो. उजवीकडे वळलात की सांधा खाली जातो.

सुटलेलं पोट आणि घट्ट पट्टा, दोन्ही खालून दाब देतात. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. सिगारेट सोडा; त्यावर वेगळं भाषण देत नाही.

औषधांचं थोडक्यात सांगतो. आम्ल तयार होणं कमी करणारी ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेऊन ती लगेच काम करत नाही. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर आम्ल काही काळ उसळतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं यांनीही त्रास वाढतो. तुमची सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, पण मनानं बंद करू नका.

आणि हे मात्र घरी सांभाळत बसायचं नाही: घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच. छातीत दाब येऊन घाम फुटला, दम लागला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ‘अ‍ॅसिडिटीच असेल’ म्हणून गोळी शोधू नका; थेट रुग्णालय गाठा आणि आधी ईसीजी काढून घ्या.