मुक्या दुखण्याची खूण

श्रोतेहो, नमस्कार. घरात कुत्रं-मांजर असेल तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी. दुखणारं जनावर ओरडेलच असं नाही. मांजर तर बहुधा ओरडत नाहीच, ते गप्प बसतं.

आमच्या दवाखान्यात एक आजी बारा वर्षांची मनी घेऊन आल्या, तेही नखं कापायला. नखं वळून गादीत अडकायला लागली होती. आजी कौतुकानं म्हणाल्या, "डॉक्टर, आता फार शहाणी झालीय हो. ओट्यावर चढत नाही, दुधाला तोंड लावत नाही." माझं लक्ष मनीच्या कमरेकडे. तिथल्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, कारण मान वळवून कंबर चाटणं तिनं सोडलं होतं. मागचा पाय हळूच वाकवला. कान आडवे झाले, डोळे बारीक झाले. आवाज मात्र नाही. एक्स-रेत दोन्ही खुब्यांचा संधिवात निघाला. आजी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखले की मी घर डोक्यावर घेते, आणि हिनं…" पुढे त्यांना बोलवेना.

रक्त तपासून, वजनाच्या हिशेबानं औषध सुरू केलं. आजींनी ओट्याला लागून स्टूल ठेवलं, गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरलं, शीच्या ट्रेची एक कड कापून खाली घेतली. महिनाभरानं फोन आला, "डॉक्टर, आज साय फस्त!" किती आनंद होता त्या आवाजात!

तेव्हा उडी थांबली, चाटणं थांबलं, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. कुत्रा जिन्यापाशी थबकतो, एकच सांधा चाटत बसतो, हात लावला की गुरगुरतो. तेही दुखणंच.

आणि औषध मनानं नको. वेदनाशामकं वाटेल तशी वापरायची आपली सवय मला मुळीच पटत नाही. गुरांना सर्रास टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, ती गुरं मेल्यावर खाणारी आपली गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या याच औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद कराव्या लागल्या.

मांजराला पॅरासिटामॉल नाही. पुन्हा सांगते, अर्धी गोळीही नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या काळपट पडतात, जीव जातो. कुत्र्याला आयब्युप्रोफेन नाही. चुकून दिलंच गेलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. गोळ्यांची पट्टी सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.